धीर एकट्याचा, नाटक सगळ्यांचे

बेळगावच्या मराठी घरांत नाटकाचे वेड काही नवे नाही. ज्या घरात एखादी जुनी बाजाची पेटी, एखादा पिवळा पडलेला नाटकाचा ग्रुप फोटो किंवा नाट्यपदे गुणगुणणारे एखादे आजोबा नाहीत, असे घर आपल्या मंडळात शोधावेच लागेल. असे असूनही गेली काही वर्षे गणपतीच्या नाटकासाठी मुले गोळा करायला निघालो, की आम्हाला दोनच उत्तरे ऐकायला मिळतात. पहिले, "काका, मला स्टेजची फार भीती वाटते." दुसरे, "काका, तालमीला रोज यायला जमणार नाही, एकदम शेवटच्या आठवड्यात येतो." पहिले उत्तर धीराचे आहे आणि दुसरे एकजुटीचे. वरवर पाहता या दोन वेगळ्या अडचणी वाटतात. मराठी रंगभूमीचा इतिहास वाचू लागलो तेव्हा मात्र आमच्या ध्यानात आले, की ती मुळात एकच अडचण आहे आणि आपल्या आधीच्या नटांनी ती वेळोवेळी सोडवलेली आहे. कशी सोडवली ते सांगावे, एवढ्यासाठीच हा लेख. आम्ही नाट्यशास्त्राचे पंडित नव्हे. डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेली माणसे आम्ही. कचेरी सुटल्यावर वाचलेले आणि मंडळाच्या तालमीत पाहिलेले, एवढीच आमची शिदोरी.

सूत्रधाराची पाठराखण

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक केले आणि तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास मोजण्याची प्रथा पडली. त्याआधी कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते. ते पाहून, तसे काही मराठीत व्हावे, असे संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांना वाटले आणि ते काम त्यांनी भाव्यांवर सोपवले. मराठी नाटकाच्या बारशाला कन्नड मुलखातील मंडळी अशी हजर होती. आपण सीमाभागातल्या लोकांनी तरी ही गोष्ट विसरू नये.

भाव्यांच्या नाटकाची रीत आजच्या नाटकापेक्षा अगदी निराळी होती. सूत्रधार आणि त्याचे साथीदार नाटकभर रंगमंचावर असत. पदे सूत्रधार गाई, नटाने त्या पदाच्या अर्थाप्रमाणे हावभाव करायचे आणि पद संपले की त्याच आशयाचे चार शब्द आपल्या मनाने बोलायचे. लिहून दिलेली भाषणे नसत. राक्षसाचे काम करणारा 'अललडुर्र' अशी आरोळी ठोकून तलवार नाचवत येई, विदूषक मधली जागा भरून काढी.

या रीतीला पुढे पुष्कळ नावे ठेवली गेली. पण नव्या नटाच्या बाजूने पाहिले तर तिच्यात एक मोठी सोय होती. नट अडखळला तर सूत्रधार पुढचे पद उचली, विदूषक काहीतरी बोलून वेळ मारून नेई आणि प्रेक्षकांच्या लक्षातही येत नसे. भीती एकट्याच्या वाट्याला येत नव्हती, ती दहा जणांत वाटली जात होती. ज्याने जन्मात कधी चार माणसांसमोर तोंड उघडले नाही, अशा माणसालाही त्या आधारावर देवादिकांची सोंगे घेऊन उभे राहता आले. मात्र या सोयीला मर्यादाही होती. नटाला स्वतःचा गळा नव्हता आणि पक्के शब्दही नव्हते. सूत्रधार चांगला तर नाटक चांगले, असा तो हिशेब होता.

कचेरीतला नाटककार

ही रीत मोडली ती आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर, म्हणजे अण्णासाहेब, यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी गुर्लहोसूरचा. भाव्यांचे नाटक आणि अण्णासाहेब एकाच वर्षी जन्माला आले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. अण्णासाहेबांनी बेळगावात शिक्षकाचे काम केले आणि पुढे महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरी धरली. फायली सांभाळून नाटक करणारा हा माणूस आम्हा सरकारी नोकरांना म्हणूनच फार जवळचा वाटतो.

पारशी मंडळींचा संगीत खेळ पाहून, आपणही मराठीत असे काही करावे, हे त्यांच्या मनाने घेतले. कालिदासाच्या शाकुंतलाचे मराठी रूपांतर त्यांनी केले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचा प्रयोग झाला. पदे दोनशेच्या आसपास होती आणि चाली घरोघर ओळखीच्या होत्या. काही कीर्तनातल्या, काही लावणीच्या, काही बायकांच्या गाण्यांच्या, तर काही कानडी मुलखातल्या. खरा बदल याहून मोठा होता. आता सूत्रधार नांदी आणि प्रस्तावना आटोपून आत निघून जाई. त्यानंतर ज्याचे पद त्यानेच गायचे आणि ज्याचे भाषण त्यानेच, लिहून दिल्याप्रमाणे, बोलायचे.

नटाच्या दृष्टीने याचा अर्थ काय, याचा विचार करा. त्याला प्रथमच स्वतःचा गळा मिळाला आणि त्याच क्षणी त्याच्या पाठीशी उभा असलेला आधार नाहीसा झाला. चुकला तर सावरून घेणारा सूत्रधार आता आत बसलेला. आज आपली मुले जिला 'स्टेजची भीती' म्हणतात, ती मराठी नटाला खऱ्या अर्थाने तेव्हा भेटली असावी, असे आम्हाला वाटते.

मग सूत्रधाराची जागा कशाने भरून काढली? तालमीने. जो आधार पूर्वी रंगमंचावर उभा असे, तो आता प्रयोगाच्या आधीच तयार करून ठेवावा लागला. एकाच्या भाषणाचा शेवटचा शब्द दुसऱ्याच्या कानात पक्का बसला पाहिजे, एकाचे पद संपता संपता दुसऱ्याने पाऊल टाकले पाहिजे. हे सगळे एकत्र बसून, पुन्हापुन्हा करूनच साधते. शेवटच्या आठवड्यात येऊन ते साधत नाही. धीर आणि तालीम या एकाच नाण्याच्या दोन बाजू झाल्या त्या तेव्हापासून.

जागा सोडणारा नट

किर्लोस्कर मंडळीतली एक गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. पहिल्या प्रयोगात शकुंतलेचे काम शंकरराव मुजुमदार यांनी केले होते. पुढे १८८२ साली बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. वय एकोणीसच्या आसपास, रूप देखणे आणि गळा असा, की लोक 'भावड्या' या लाडक्या नावानेच त्यांना ओळखू लागले. शकुंतलेचे काम त्यांच्याकडे गेले. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी 'सौभद्र' रंगमंचावर आले, त्यात सुभद्राही तेच झाले.

नायिकेचे काम हातातून जाणे ही नटाच्या जिव्हारी लागणारी गोष्ट. आपल्या मंडळात एखाद्याचे दोन वाक्यांचे काम कापले तर घरापर्यंत रुसवा जातो, हे आपण पाहतोच! मुजुमदार मात्र मंडळीतच राहिले. पुढे कंपनीच्या कारभाराची धुरा त्यांनी वाहिली, 'रंगभूमी' मासिक चालवले आणि अण्णासाहेबांचे चरित्रही लिहिले. भाऊरावांचे नाव लोकांच्या ओठांवर राहिले, मुजुमदारांचे फारसे राहिले नाही. पण १८८५ साली अण्णासाहेब अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेल्यावरही कंपनी मोडली नाही, याचे बरेचसे श्रेय अशा पडद्याआड राबणाऱ्या माणसांना द्यावे लागते. रंगमंचावर उभे राहायला धीर लागतो हे सगळे मान्य करतात. रंगमंचावरून बाजूला व्हायलाही तेवढाच धीर लागतो, हे सहसा कोणी बोलत नाही.

खुद्द भाऊरावांनीही पुढे हेच केले. वय वाढले तसे त्यांनी स्त्रीभूमिका सोडल्या आणि पुरुषभूमिका घेतल्या. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला प्रथम रंगमंचावर आले, तेव्हा भाऊराव कोदंडाच्या भूमिकेत होते. ज्या रूपाने आपल्याला नाव दिले ते रूप आपण होऊन खाली ठेवायचे आणि नव्याने शिकायचे, हे सोपे नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०१ साली, ते गेले. 'शारदा'चा पहिला प्रयोग पुण्या-मुंबईला न होता इंदूरला झाला, हेही आपण लक्षात ठेवावे. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्या ही नाटक कंपन्यांची हक्काची घरे होती.

देवल मास्तरांची शाळा

देवलांचा जन्म सांगलीजवळच्या हरिपूरचा, पण शिक्षण बेळगावात झाले आणि काही काळ त्यांनी शिक्षकीही येथेच केली. अण्णासाहेबांचे ते शिष्य. नाटककार म्हणून त्यांचे नाव सर्वांना माहीत आहे. जुने नट मात्र त्यांना आधी ओळखत ते तालीम मास्तर म्हणून. गणपतराव बोडसांसारखे नट त्यांच्या हाताखाली तयार झाले.

त्यांचा भर कशावर होता? अर्थावर. वाक्य पाठ करण्याआधी ते कोण बोलतो, कोणाला बोलतो आणि का बोलतो, हे नटाला कळले पाहिजे. पद गातानाही शब्दाचा अर्थ सुरात बुडून जाता कामा नये. मुलांना नुसते "घाबरू नको" असे म्हणून धीर येत नाही, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. पाठ केलेले वाक्य भीतीने विसरते, पण कळलेले वाक्य सहसा विसरत नाही. एखादा शब्द सुटलाच, तरी अर्थ हातात असल्यामुळे माणूस दुसरा शब्द धरून पुढे जातो. 'संशयकल्लोळ' पाहताना हे चटकन जाणवते. त्यात कोणा एकाचा विनोद नाहीच. एकाने संशय घ्यायचा, दुसऱ्याने गैरसमज वाढवायचा, तिसऱ्याने नेमके तेव्हाच आत यायचे. यातला एक जरी घोटाळला तरी हसू येत नाही.

दुःख आणि प्रयोग

बालगंधर्वांची एक हकिगत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट नेहमी एका माणसाच्या असामान्य धैर्याची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. आम्हाला मात्र तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. नाटक कंपनी म्हणजे एक मोठे बिऱ्हाडच असे. नट, साथीदार, पडदे ओढणारे, रंगपटातले, आचारी, सगळ्यांची चूल त्या एका तिकीटबारीवर पेटायची. 'प्रयोग थांबला तर या सगळ्यांचे काय' हा विचार त्या दिवशी त्यांच्या मनात नसेल, असे आम्हाला वाटत नाही. त्यांना उभे करणारे बळ नुसते त्यांच्या एकट्याचे नव्हते.

तरी येथे एक स्पष्ट सांगायला हवे. अशी अपेक्षा आज कोणी कोणाकडून धरू नये. नाटक मोठे आहे, पण घरातल्या दुःखापेक्षा मोठे नाही. आज अशी वेळ आली तर प्रयोग पुढे ढकलावा आणि मंडळाने त्या घरी जावे. एकजूट याचा अर्थ तोही आहे.

फूट आणि मिलाफ

इतिहास लिहिताना गोड गोड तेवढेच सांगू नये. कंपन्या नावारूपाला आल्या तशा फुटूही लागल्या. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे १९१८ साली गोव्याच्या मंगेशीचे मास्टर दीनानाथही किर्लोस्कर सोडून निघाले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. त्याआधी १ जानेवारी १९०८ रोजी आपल्या शेजारच्या हुबळीत केशवराव भोसले यांनी ललितकलादर्श सुरू केली होती, तेव्हा त्यांचे वय अठराही पुरते नव्हते.

एका अंगाने पाहिले तर हे आत्मविश्वासाचे फळ होते, कारण ज्याला स्वतःच्या गळ्याची खात्री तोच वेगळी चूल मांडतो. दुसऱ्या अंगाने त्यात स्पर्धाही होती. प्रेक्षकांनीही आपापले पक्ष वाटून घेतले होते. बालगंधर्व श्रेष्ठ की केशवराव, यावर जेवणाच्या पंगतीत वाद रंगत.

अशा दोघांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला ग्रँड थिएटरात एकत्र उभे राहून 'संयुक्त मानापमान' केले. निमित्त टिळक स्वराज्य फंडाचे होते. लोकमान्य जाऊन वर्षही झाले नव्हते. केशवराव धैर्यधर झाले, बालगंधर्व भामिनी आणि बोडस लक्ष्मीधर. दोन कंपन्यांचे मालक, दोन घराण्यांसारखे दोन गळे आणि समोर दोन्ही पक्षांचे प्रेक्षक. त्या रात्री एकाला दुसऱ्यावर कुरघोडी करणे काही अवघड नव्हते. एखादी जास्तीची तान, एखादा जास्तीचा 'वन्समोअर' पुरे झाला असता. पण प्रयोग एकमेकांना रंगवत पार पडला, म्हणूनच शंभर वर्षांनंतरही लोक तो 'संयुक्त' याच नावाने सांगतात. अवघ्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. त्यांची कंपनी मात्र बापूराव पेंढारकरांनी चालवली आणि त्यांच्या पुढच्या पिढीनेही. ज्या संस्थेत माणसे तयार होतात ती संस्था एका माणसाबरोबर संपत नाही, याचा हा दाखला.

'वन्समोअर'ची दुसरी बाजू

वन्समोअर हा नटाचा मोठा मान. पण त्या वेळी रंगमंचावर उभ्या असलेल्या दुसऱ्या नटाचा विचार कोणी केला आहे का? नायिका तेच पद दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गाते आहे आणि समोरच्याने तोच राग, तोच विरह, तोच रुसवा चेहऱ्यावर धरून उभे राहायचे. त्याला टाळी नाही. असा नट मिळाला तर पद रंगते, नाही मिळाला तर ते नाटकातून सुटून बैठकीचे गाणे होते. पुढे संगीत नाटकांचे बऱ्याच ठिकाणी हेच झाले. गाणे वाढले, नाटक पातळ झाले, प्रयोग पहाटेपर्यंत लांबू लागले. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला आणि प्रेक्षक तिकडे वळला. कंपन्या कर्जात बुडाल्या, त्याला बोलपट कारण झाला हे खरेच. पण एकाच गळ्यावर सगळा डोलारा उभा केला की तो गळा थकल्यावर काय होते, हाही धडा त्यात आहे.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली. गोव्यात जन्मलेल्या ज्योत्स्नाबाई भोळे त्यातल्या एक. गाणी थोडी, बोलणे घरातल्यासारखे आणि सगळ्या पात्रांना आपापले वजन. त्या काळी एखाद्या बाईने प्रेक्षकांसमोर उभे राहणे म्हणजे केवढे धाडस! ते एकटीच्या बळावर झाले नाही. बरोबरीने काम करणारी सभ्य मंडळी होती, म्हणून झाले.

आपल्यापुढचा प्रश्न

हे सगळे जुने का उगाळायचे, असे कोणी विचारील. कारण प्रश्न आपल्या दारात उभा आहे. नाटकाचा दिवस बंद करून त्या जागी ऑर्केस्ट्रा ठेवावा, अशी सूचना आता दरवर्षी येते. ती वाईट हेतूने येत नाही. खर्च, वेळ, तालमीला न मिळणारी मुले, ही कारणे खरी आहेत. पण ऑर्केस्ट्रात आपण खुर्चीवर बसतो आणि नाटकात आपण उभे राहतो, हा फरक साधा नाही.

आपली मुले कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात गैर काही नाही, ती दोन-तीन भाषा लीलया बोलतात याचा आम्हाला अभिमानच आहे. पण त्यांची मराठी हळूहळू स्वयंपाकघरापुरती उरत चालली आहे. जेवायला वाढ, चप्पल कुठे आहे, लवकर ये, एवढीच. राग, लाज, पश्चात्ताप, थट्टा, विनवणी हे सगळे मराठीत, पूर्ण वाक्यात, खणखणीत आवाजात बोलायची संधी त्यांना वर्षातून एकदाच मिळते आणि ती गणपतीच्या नाटकात. तो दिवस गेला तर ती मराठी कोठे शिकणार?

म्हणून इतिहासातून आम्हाला सुचलेल्या चार गोष्टी मांडतो. पहिली, पाठांतराआधी निदान आठ दिवस सर्वांनी गोल बसून नाटक नुसते वाचावे आणि अर्थ बोलावा, देवल मास्तरांच्या रीतीने. दुसरी, भित्र्या मुलाला एकट्याचे लांबलचक भाषण न देता चार-पाच जणांच्या प्रवेशात घालावे. भाव्यांच्या सूत्रधाराचा आधार त्याला तेथे मिळेल, पुढच्या वर्षी तो आपणहून मोठे काम मागेल. तिसरी, प्रत्येकाने आपल्या कामाखेरीज दुसऱ्या एकाचे कामही पाठ करावे. कोणी आजारी पडले तर प्रयोग अडत नाही, शिवाय समोरचा काय बोलतो ते आपण खरोखर ऐकू लागतो. चौथी, विंगेत पुस्तक धरून उभा राहणारा प्राँप्टर, पडदा ओढणारा आणि तालमीला चहा करणाऱ्या काकू, यांची नावे स्मरणिकेत नटांच्या बरोबरीने, त्याच अक्षरात छापावीत. मुजुमदारांचे ऋण एवढ्याने थोडे तरी फिटेल.

तालमीला जागा मंडळाच्या सभागृहात आहे, वेळ रात्री जेवणानंतरची ठेवता येईल. मोठ्यांनीही नुसते प्रेक्षक होऊन चालणार नाही. ज्यांनी पूर्वी कामे केली आहेत त्यांनी आठवड्यातून दोन दिवस येऊन मुलांचे उच्चार तपासावेत. गुर्लहोसूरच्या एका नोकरदाराने कचेरी सांभाळून मराठीला संगीत नाटक दिले. आपल्याला तर वर्षाकाठी दोन तासांचे एक नाटक उभे करायचे आहे. पुढच्या गणपतीत नांदीला उभे राहायला पाच-सहा गळे हवे आहेत. नावे कार्यालयात द्यावीत, ही नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया!